बुद्धिबळ, वाचकांचे प्रश्न : चाल विसरली तरी सावरता येईल असा बचाव

प्रश्न : मी ४७ वर्षांचा असून नागपुरातील एका सरकारी कार्यालयात नोकरी करतो. माझे मानांकन १५०० च्या आसपास आहे आणि महिन्यातून एखाद्या रविवारी शहरात होणाऱ्या जलद बुद्धिबळ स्पर्धेत मी भाग घेतो. पांढऱ्या मोहऱ्यांनी माझे बरे चालते. काळ्या मोहऱ्यांनी मी सिसिलियन बचावातील ड्रॅगन प्रकार खेळतो आणि त्यातले बहुतेक डाव मध्यडाव सुरू होण्याआधीच हातचे जातात. अलीकडच्या एका पराभवाची नोंद सोबत जोडली आहे. अभ्यासाला रोज अर्धा तास मिळतो, तोही रात्री जेवणानंतर. क्लबातील एक ज्येष्ठ खेळाडू सांगतात की मॉडर्न बचाव घ्या, समोरचा काहीही खेळो, आपली मांडणी तीच राहते. मुलीचे म्हणणे, कॅरो-कान खेळा. कमीत कमी तयारीत निभावेल असा बचाव कोणता? आणि तो घेतला तर सगळे डाव बरोबरीतच सुटतील का?
(एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : आपण पाठविलेली नोंद पटावर मांडून पाहिली. (नवख्या वाचकांसाठी : ई३, ए६ यांतले अक्षर म्हणजे पटाची उभी पट्टी, आकडा म्हणजे पांढऱ्याच्या बाजूने मोजलेली आडवी रांग; मोहऱ्याचे नाव नसेल तेथे चाल प्याद्याची.) पहिल्या दहा चाली अगदी पुस्तकात असतात तशा आहेत : पांढऱ्याचा एक उंट ई३ वर, दुसरा सी४ वर, वजीर डी२ वर, प्यादे एफ३ वर आणि राजा लांबच्या किल्लेबंदीत, आपला हत्ती सी८ वर. अकराव्या चालीला पांढऱ्याने सी४ चा उंट बी३ वर मागे घेतला आणि आपण ए६ खेळलात. त्या जागी घोडा ई५ वर न्यायचा असतो, हे घरी गेल्यावर आपल्याला आठवले असेलच. पांढऱ्याने त्यानंतर एच प्यादे दोन चालींत एच५ पर्यंत रेटले, ती उभी पट्टी मोकळी केली, आपल्या राजापुढचा काळ्या घरांचा उंट बदलून घेतला आणि एकविसाव्या चालीला मात दिली. सगळ्या डावात आपली ढोबळ म्हणावी अशी चूक एकच, आणि तीही एरवी कुणाच्या डोळ्यांवर आली नसती. दुसऱ्या एखाद्या बचावात ए६ ही निरुपद्रवी चाल ठरली असती. ड्रॅगनमध्ये दोघेही विरुद्ध बाजूंना किल्लेबंदी करून एकमेकांच्या राजावर धावत सुटतात, त्यामुळे तेथे वाया गेलेली एक चाल थेट राजाच्या जिवावर बेतते.

एखाद्या बचावाला तयारी किती लागते हे मोजताना बहुतेक जण पाठ करायच्या चालींची संख्या धरतात. माझ्या मते नोकरी सांभाळून खेळणाऱ्या माणसाने दुसरेच माप लावावे : चाल विसरली तर किंमत किती मोजावी लागते? रोज अर्धा तास मिळणारा माणूस विसरणारच. महिन्यातून एकदा स्पर्धा, तीत काळ्या मोहऱ्यांचे दोन-तीन डाव, त्यांतही पाठ केलेली शाखा पटावर यायची ती वर्षातून एखादे वेळी. एवढ्या अंतराने शाळेतली कवितासुद्धा आठवत नाही. म्हणून असा बचाव निवडावा, ज्यात विसरल्यावर खेळलेली साधी, समजूतदार चाल फार तर थोडी कमी प्रतीची ठरते आणि डाव पुढे चालू राहतो. या मापाने ड्रॅगन आणि सिसिलियनमधलाच नायडॉर्फ हे दोन्ही प्रकार आपल्यासाठी बाद होतात. ते वाईट आहेत म्हणून मी हे म्हणत नाही. ज्यांचा दिवस बुद्धिबळातच जातो त्यांची ती हत्यारे आहेत.

क्लबातील ज्येष्ठांनी सुचविलेल्या मॉडर्न बचावात जी६, उंट जी७ वर, डी६ ही मांडणी जवळजवळ कशाहीविरुद्ध लावता येते, हे खरेच आहे. त्याचाच आणखी एक मागे दबलेला प्रकार हिप्पोपोटॅमस या नावाने ओळखला जातो आणि १९६६ च्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यात स्पास्की यांनी पेट्रोस्यान यांच्याविरुद्ध तो दोनदा खेळून दोन्ही डाव बरोबरीत सोडविले होते. तरीही आपल्याला तो सुचविताना माझा हात अडखळतो. मांडणी पाठ होते दहा मिनिटांत, पण खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. मधली घरे पांढऱ्याला देऊन टाकल्यावर त्या मध्यावर घाव केव्हा घालायचा, ई५ ने, सी५ ने की बी५ ने, हे दर डावात नव्याने ठरवावे लागते आणि उशीर झाला की आपली मोहरी एकमेकांच्या पायात अडकून बसतात. म्हणजे पाठांतर वाचले तरी जाण अधिक लागते. ती स्पास्कींकडे होती.

स्कँडिनेव्हियनचा विचारही आपण केला असेल. ई४ ला उत्तर म्हणून पहिल्याच चालीला डी५ खेळले की डावाचे स्वरूप काळाच ठरवितो, आणि या एका कारणाने त्याला तयारी खरोखर कमी लागते. विश्वनाथन आनंद यांनी १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या सामन्यात कास्पारोव्ह यांच्याविरुद्ध चौदाव्या डावात तो खेळला होता. डाव ते हरले, पण सुरुवातीमुळे नव्हे, मध्यडावापर्यंत त्यांची स्थिती चांगली होती. अडचण एवढीच की वजीर तिसऱ्या चालीलाच पटाच्या मध्यावरून हाकलला जातो आणि पांढऱ्याने पहिल्या चालीला डी४ खेळले तर हा बचाव लावताच येत नाही. तेथे दुसरा बचाव, दुसरी प्याद्यांची रचना शिकावी लागते. अर्ध्या तासाचे दोन भाग करण्यापेक्षा एकच रचना दोन्हीकडे चालणे बरे.

म्हणून माझे मत आपल्या मुलीच्या बाजूने आहे : ई४ ला कॅरो-कान आणि डी४ ला स्लाव्ह. दोन्हींत सी६ आणि डी५ ही प्यादी शेजारी उभी राहतात. डी५ च्या प्याद्याला सी६ चा आधार असल्यामुळे ई प्यादे जागेवर ठेवता येते आणि सी८ वरचा उंट कोंडण्यापूर्वीच बाहेर निघू शकतो. फ्रेंच बचाव (ई४ ला ई६) खेळणाऱ्याला हाच उंट जन्मभर छळतो. आधी उंट बाहेर, मग ई६, पुढे संधी मिळताच सी५ : एवढा एक क्रम मनात पक्का असला तर कॅरो-कानमध्ये एखादी शाखा आठवली नाही तरी आपण सहसा भलतीकडे जात नाही. हा बचाव होरेशियो कारो आणि मार्कुस कान या दोघांच्या १८८६ मधील विश्लेषणामुळे ओळखला गेला आणि कापाब्लांका, बॉटविनिक, पेट्रोस्यान, कार्पोव्ह या विश्वविजेत्यांनी तो खेळला. या चौघांत एक साम्य आहे : स्थिती समजून घेऊन ती हळूहळू सुधारणे हा त्यांचा मार्ग होता.

आता तपशील. १. ई४ सी६ २. डी४ डी५ यानंतर पांढऱ्याचे तीन मुख्य रस्ते आहेत. पहिला, घोडा सी३ वर. आपण ई४ चे प्यादे मारावे, घोड्याने ते परत घेतल्यावर उंट एफ५ वर आणावा. घोडा जी३ वर येऊन हल्ला करील तेव्हा उंट जी६ वर न्यावा आणि पांढऱ्याने एच४ खेळताच एच६ खेळावे, म्हणजे उंटाला एच७ चे घर मोकळे होते. पुढे घोडा डी७ वर, दुसरा एफ६ वर, ई६, उंट ई७ किंवा डी६ वर. या भागात चालींचा क्रम थोडा मागेपुढे झाला तरी आकाश कोसळत नाही.

चौथ्या चालीला उंटाऐवजी घोडा डी७ वर नेणारा प्रकारही प्रतिष्ठित आहे आणि कार्पोव्ह यांच्या नावाशी जोडला गेलेला आहे. मी आपल्याला तो मुद्दाम सांगत नाही, कारण त्यात दोन सुरुंग पेरलेले आहेत. पांढऱ्याने वजीर ई२ वर आणला आणि आपण सवयीने जी८ चा घोडा एफ६ वर काढला, तर पांढऱ्याचा घोडा डी६ वर येतो आणि सहाव्या चालीला मात होते. ई७ चे प्यादे त्या घोड्याला मारू शकत नाही, कारण त्याच्यामागे आपला राजा आणि समोर पांढरा वजीर. ही मात मी स्वतः खाल्लेली आहे. धंतोलीतील एका सभागृहात सकाळची पहिली फेरी होती, समोर आठवीतला मुलगा होता, मी घोडा सोडून घड्याळ दाबले आणि पाण्याची बाटली उघडू लागलो, टोपण हातात असतानाच तो हळूच म्हणाला, “काका, मात.” पंचांना निकाल सांगायला गेलो तेव्हा त्यांना वाटले की आम्ही अजून खेळायला बसलोच नाही.

दुसरा सुरुंग जगप्रसिद्ध आहे. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या सहाव्या आणि निर्णायक डावात कास्पारोव्ह यांनी याच प्रकारात सातव्या चालीला एच६ खेळले. उंट आधी डी६ वर आणून मग एच६ खेळायचे असते. संगणकाने घोड्याचा बळी देऊन ई६ चे प्यादे मारले, राजा मध्यावरच अडकला आणि एकोणीस चालींत कास्पारोव्ह यांनी डाव सोडला. एका चालीचा क्रम चुकल्याचे मोल त्यांच्यासारख्याला एवढे पडले, तर रात्री जेवणानंतर अभ्यास करणाऱ्यांनी त्या वाटेने जाऊच नये.

दुसरा रस्ता म्हणजे ३. ई५. आपल्या पातळीवर हाच अधिक भेटेल, कारण पांढऱ्याला तो पुढे घुसल्यासारखा वाटतो. उंट एफ५ वर, मग ई६, सी५, घोडा सी६ वर, दुसरा घोडा ई७ वर, वजीर बी६ वर. सगळे वजन डी४ च्या प्याद्यावर. येथे मात्र एक चाल खरोखर पाठ करावी लागते. उंट एफ५ वर येताच पांढऱ्याने एच४ खेळले तर डोळे झाकून ई६ खेळू नये. तसे केल्यास जी४, उंट ई४ वर; एफ३, उंट जी६ वर; आणि एच५ आले की उंटाला घरच उरत नाही, जाता जाता सी२ चे एक प्यादे मारून तो गतप्राण होतो. एच४ ला एच५ हेच उत्तर द्यावे. माझ्या वहीत लाल शाईने लिहिलेल्या चाली मोजून तीन आहेत, त्यांतली ही पहिली.

तिसरा रस्ता, डी५ वर प्याद्यांची अदलाबदल. त्यानंतर पांढऱ्याने उंट डी३ वर आणि प्यादे सी३ वर ठेवले तर डाव शांत होतो. शांत म्हणजे निर्धोक नव्हे. बेलग्रेडला १९७० मध्ये सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग या सामन्यात फिशर यांनी पेट्रोस्यान यांना याच रचनेतून हरविले. काळ्याची योजना समजायला सोपी आहे : सी पट्टी अर्धी मोकळी आहे, तेव्हा बी प्यादे बी५, बी४ असे पुढे न्यावे आणि सी३ चे प्यादे कमकुवत करावे. अदलाबदलीनंतर पांढऱ्याने सी४ खेळल्यास पुढे त्याचे डी४ चे प्यादे बहुधा एकटे पडते. डी५ च्या घरावर घोडा बसवून एकेक मोहरे बदलत जावे. अंत्यडाव जवळ येईल तसतसे ते एकटे प्यादे त्याला जड होते.

डी४ विरुद्ध स्लाव्हमध्ये उंट बाहेर काढण्याची घाई एका ठिकाणी अंगाशी येते आणि वहीतील दुसरी लाल नोंद तीच आहे. १. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घोडा एफ३ यानंतर लगेच उंट एफ५ वर नेला, तर पांढरा डी५ वर अदलाबदल करून वजीर बी३ वर आणतो आणि बी७ चे प्यादे उघडे पडते, कारण ते राखणारा उंटच निघून गेलेला असतो. म्हणून आधी घोडा एफ६ वर काढावा; पांढरा घोडा सी३ वर आल्यावर सी४ चे प्यादे मारावे आणि त्याने ए४ खेळल्यावर उंट एफ५ वर न्यावा. शहरातल्या रविवारच्या स्पर्धांत डी४ खेळणारे पुष्कळ जण सी४ न खेळता उंट एफ४ वर आणून लंडन पद्धत लावतात. त्यांना घोडा एफ६ वर, सी५, घोडा सी६ वर आणि योग्य वेळी वजीर बी६ वर आणून बी२ च्या प्याद्याची आठवण करून द्यावी. याहून अधिक तयारी त्यासाठी करू नये.

तिसरी लाल नोंद अर्थातच डी६ वरच्या घोड्याची. मी तो प्रकार आता खेळत नाही, तरी ती पुसलेली नाही.

बरोबरीच्या भीतीबद्दल थोडक्यात : पंधराशेच्या पातळीवर डाव बरोबरीत सुटतात ते दोघांनाही कंटाळा आल्यावर. बॉटविनिक यांनी १९६१ च्या परतीच्या सामन्यात ताल यांच्यासारख्या आक्रमक खेळाडूसमोर कॅरो-कान वारंवार खेळला आणि तो सामना १३–८ असा जिंकून विजेतेपद परत मिळविले. अर्ध्या तासाचे म्हणाल तर पहिला महिना शाखा पाठ करण्यात घालवू नका. कार्पोव्ह यांचे काळ्या मोहऱ्यांचे सात-आठ कॅरो-कान डाव घ्या आणि रोज एकच डाव खऱ्या पटावर, मोबाइल बाजूला ठेवून, शेवटपर्यंत खेळून पाहा. विसाव्या चालीनंतरचा भाग अधिक सावकाश पाहा. स्पर्धेतून परतल्यावर आपण कोणत्या चालीला विचारात पडलो एवढेच वहीत लिहा आणि तेवढीच एक जागा तपासा. सहा महिन्यांत आपल्या खेळाला लागणारी बहुतेक सगळी ओपनिंगची तयारी त्या वहीतच जमा झालेली असेल.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दिव्या देशमुख यांनी विश्वचषक जिंकल्यापासून तो बुद्धिबळाच्या वर्गाला जातो. घरी शाळेचा अभ्यासही असतो, म्हणून त्यालाही कमी पाठांतराचा कॅरो-कान द्यावा असे मला वाटते. त्याचे शिक्षक मात्र ई४ ला ई५ खेळायला लावतात आणि तो भराभर हरतो. मी शिक्षकांशी बोलावे का?
(एक पालक, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : बोलू नये, शिक्षक बरोबर आहेत. वर मी जे लिहिले ते वेळ नसलेल्या प्रौढ माणसासाठी होते. मुलाला या वयात मोकळ्या पट्ट्या, मोकळे कर्ण, उघडा राजा आणि दोन मोहऱ्यांवर एकदम पडणारा घोडा हे सगळे रोज दिसले पाहिजे आणि ते ई५ नंतरच्या डावांत भरपूर दिसते. त्याला बहुधा एफ७ वर होणारा हल्ला छळत असेल : पांढऱ्याचा उंट सी४ वर, घोडा जी५ वर. त्याला एवढेच दाखवा की डी५ खेळून उंटाची वाट अडवायची, पांढऱ्याने ते प्यादे मारल्यावर ते लगेच घोड्याने परत घ्यायचे नाही, तर सी६ चा घोडा ए५ वर नेऊन त्या उंटाला हुसकावायचे. का परत घ्यायचे नाही, हे त्याचे त्यालाच पटावर शोधू द्या. एफ७ वर घोड्याचा बळी पडलेला एकदा पाहिला की ते तो विसरणार नाही. दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये बातुमीला कोनेरू हम्पी यांना टायब्रेकमध्ये हरवून तो चषक आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताब मिळविला, त्यामागे लहानपणापासूनचे असे असंख्य हरलेले डावही आहेत.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. मी आजोबांकडून देशी बुद्धिबळ शिकलो. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकत असे आणि राजाला एकदा घोड्याची उडी मारता येई. आता नातवाबरोबर आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतो. जुन्या सवयीला मानवेल असा काळ्यासाठी काही बचाव आहे का?
(एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : आहे, आणि त्यात आपल्याच देशाचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या ब्रिटिश खेळाडूशी खेळणारे मोहेशचंद्र बॅनर्जी देशी नियमांवर वाढलेले असल्यामुळे प्यादी एकेक घर सरकवीत डी६, जी६ अशी मांडणी करीत. त्या धाटणीच्या बचावांना पुढे ‘इंडियन’ हे नाव मिळाले.

आपल्याला मी त्याहून थोडी साधी मांडणी सुचवितो : डी६, घोडा एफ६ वर, मग ई५, दुसरा घोडा डी७ वर, उंट ई७ वर आणि सी६. नातवाने मध्येच ई५ वर प्यादे बदलून डी८ वर वजिरांची अदलाबदल केली, तर राजाने वजीर मारावा लागतो आणि किल्लेबंदीचा हक्क जातो. नातू त्यावर खूश होईल. आपण सी६ खेळून राजा सावकाश सी७ वर नेऊन बसवावा. वजीर पटावर नसताना त्याला तेथे भय नसते, आणि किल्लेबंदीवाचून राजाची सोय लावण्याची सवय आपल्याला आजोबांच्या पटापासून आहेच.